एकविसाव्या फेरीचा ठिपका

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्राच्या आरंभी तब्येत विचारली की तू चिडतेस, म्हणून थेट कामाचं लिहितो. येत्या एक जूनला क्लबला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त अठ्ठेचाळीस पानांचा इतिहास छापायचं ठरलं आहे आणि तो लिहायचं माझ्याकडे आलं आहे. बायकांच्या क्लबचा इतिहास हिरवळ राखणाऱ्या पुरुषाने का लिहावा, असं तू विचारशील. मीही विचारलं. हल्ली तुमच्या पहिल्या कॅप्टनबाईंची सून अध्यक्षा आहे, दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "बावीस वर्षं तुम्ही रोज गवताची उंची वहीत लिहिताय. गवताचं एवढं लिहिणारा माणूस आमचंही लिहील." मी आठवीत शाळा सोडली हे तिला सांगितलं. तर म्हणे, शिकलेल्या दोघींना विचारून झालं, दोघींनी फक्त पुस्तकाचं नाव सुचवलं.

छापखान्यातल्या माणसाने पहिलं पान वाचून विचारलं की हा नक्की खेळ आहे ना. म्हणून पुढचा मजकूर घातला. बरोबर आहे का बघ.

"सपाट हिरवळीच्या एका टोकाला जॅक नावाचा छोटा पांढरा गोळा ठेवतात. दुसऱ्या टोकाहून आपले मोठे गोळे जमिनीवरून घरंगळत सोडायचे. ज्याचा गोळा जॅकच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. मोठा गोळा सरळ जात नाही, एका अंगाला ओढ घेतो. त्या अंगावर छोटं वर्तुळ कोरलेलं असतं. हिरवळीच्या कडेने चर असतो. चरात पडलेला गोळा बाद. मात्र वाटेत जॅकला शिवून चरात गेला, तर तो जिवंत. शिवलेल्या गोळ्यावर लगेच खडूने खूण करतात, म्हणजे मागाहून वाद नको."

आता दोन प्रश्न. पहिला फडक्याचा. आपल्या क्लबात नव्या बाईला बिल्ला मिळत नाही, ओलं फडकं मिळतं. ते कमरेला बांधायचं आणि प्रत्येक गोळा टाकण्याआधी तीनदा पुसायचा. विसरली तर ती फेरी बाहेर बसायचं. मी इतर सहा क्लबांना पत्रं टाकून विचारलं, असा नियम कुठेही नाही. तो कधी आणि का सुरू झाला, हे इथे कुणालाही सांगता येत नाही. तुझ्याशिवाय त्या काळातलं आता कुणी उरलेलंही नाही.

दुसरा प्रश्न बारीक आहे. माळ्यावरच्या पेटीत त्या पहिल्या सामन्याचं गुणपत्रक सापडलं. वरच्या क्लबच्या पुरुषांविरुद्ध तू आणि कॅप्टनबाई खेळलात तो सामना. जिंकलात तर खालची जागा तुमच्या क्लबला, हरलात तर जागेचं नाव काढायचं नाही, असं ठरलेलं. वीस फेऱ्यांनंतर वीस-वीस, आणि एकविसाव्यात तुझा चरात गेलेला गोळा जिवंत ठरून एक गुण. हे सगळं पोरीबाळींना पाठ आहे. गुण लिहायला आणि अंतर मोजायला त्या बाई होत्या, ज्यांना सगळ्या फूटपट्टी म्हणायच्या. त्यांची पद्धत अशी, की गोळा जॅकला शिवला की त्या रकान्यात एक ठिपका द्यायच्या. विसाव्या फेरीत तुझ्या चौथ्या गोळ्यापुढे ठिपका आहे. एकविसाव्या फेरीत, जिथे असायलाच हवा, तिथे नाही. बहुधा आनंदाच्या भरात राहिला. मी तळाला टीप देणार आहे, "गुणलेखिकेच्या हातून येथे एक ठिपका राहिला." चालेल ना?

जाता जाता गंमत. वरच्या क्लबात सहा म्हातारे उरलेत आणि त्यांची हिरवळ मोटारी उभ्या करायला गेली. ते आपल्याकडे बुधवारची सकाळ मागतायत. आपल्या बायका म्हणतात, तेव्हा तुम्हीही आम्हाला बुधवारच दिला होतात, आणि वर चहा करून घेत होतात. निर्णय लटकलाय.

तुझा भाचा


११ फेब्रुवारी

चि. पाणसळ,

बायकांनी तुला ठेवलेलं हे नाव मला पसंत आहे, म्हणून तेच लिहिते. हिरवळीवर सपाटी बघायची पाणसळ लावून झोपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इतिहास लिहितोयस तर खालच्या जागेचं नीट लिही. तिथे विटांसाठी माती काढून काढून अकरा खड्डे पडलेले होते. जागा मिळाली म्हणजे हिरवळ मिळाली असं नव्हे. कॅप्टन शाळेत मुख्याध्यापिका होती, तिने सुट्टीच्या दिवशी शाळेच्या घमेल्यांची रांग लावली. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून सकाळची पाळी संपवून येत असे, कानात अजून दुसऱ्यांचं बोलणं वाजत असे आणि डोक्यावर मातीचं घमेलं. फूटपट्टी दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधायची. ती खड्ड्यात उतरून सांगे, अजून चार इंच. चार म्हणजे चार. एकदा कॅप्टन चिडून म्हणाली, साडेतीन घाल आणि देवावर सोड. फूटपट्टी म्हणाली, देवाला मी पुड्या बांधायला बोलावत नाही, त्याने मला इथे शिकवू नये. पहिल्या वर्षी गवत उगवलं ते डोक्यावर विरळ केस उगवावेत तसं. हे लिही. लोकांना वाटतं, सामना जिंकला आणि दुसऱ्या दिवशी हिरवळ अंथरली.

फडक्याचं विशेष काही नाही. सकाळी दव असायचं, गोळे ओले व्हायचे, हातातून निसटायचे. म्हणून पुसायचे. सवय लागली ती लागली.

त्या ठिपक्याची टीप गाळ. अठ्ठेचाळीस पानांत एका ठिपक्याला कशाला जागा. ती बिचारी जाऊन नऊ वर्षं झाली.

पुरुषांना बुधवार द्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. चहा मात्र त्यांना करता येत नाही, हे मी स्वतः पिऊन सांगते.

तुझी मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

खड्ड्यांचा आणि घमेल्यांचा मजकूर घेतला. एक प्रकरण त्याचंच केलं. "देवाला मी पुड्या बांधायला बोलावत नाही" हे वाक्य अध्यक्षा दवाखान्यात रोग्यांना सांगत सुटली आहे.

पण दवाचं काही पटत नाही. फडकं कोरडं असतं तर पटलं असतं. दवाने ओला झालेला गोळा ओल्या फडक्याने कोण पुसतं? शिवाय पहिली दहा वर्षं क्लबचा खेळ दुपारी चारला सुरू व्हायचा, सूचनांच्या वहीत लिहिलेलं आहे. दुपारी चारला दव कुठून आणायचं? तू विसरली असशील. मी ती जागा रिकामी ठेवली आहे.

टिपेचं ऐक. तू गाळ म्हणालीस म्हणून मी गाळणारच होतो. पण एकदा खात्री करावी म्हणून पेटीतली फूटपट्टींच्या हातची सगळी गुणपत्रकं काढली. एकशे बारा निघाली. आठवडाभर बसून एकेक तपासलं. बेरीज, रकाने, ठिपके, मोजलेली अंतरं. काही सामन्यांची वर्तमानपत्रातली वर्णनं मिळाली, त्यांच्याशीही ताडून पाहिलं. मावशी, एकशे अकरा पत्रकांत एक चूक नाही. एकही नाही. असा नेमकेपणा मी यंत्रातसुद्धा पाहिला नाही. चूक फक्त त्या एका दिवशी, त्या एका रकान्यात.

बायकांच्या बैठकीत हे सांगितलं तर सगळ्या खूश. आता असं ठरलंय की ते पत्रक काचेखाली लावायचं आणि त्याखाली पाटी, "फूटपट्टींची एकमेव चूक". एक जूनला त्यावर एक छोटं भाषणही होईल, थट्टेचं, कुणाला लागेल असं नाही. जिंकल्याचा आनंद एवढा की फूटपट्टीसुद्धा चुकल्या, असा त्याचा सूर. मला तरी ती पाटी त्यांच्या मोठेपणाचीच वाटते. मजकूर पंधरा एप्रिलला छापायला जाईल.

तुझा भाचा


१२ मार्च

प्रिय मावशी,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. तुझ्या घरी ताईला फोन केला तर ती म्हणाली तू बरी आहेस, जेवतेस, फक्त बोलत नाहीस, आणि कपाटातून गोळे काढून मांडीवर घेऊन बसतेस. माझं काही चुकलं असेल तर सांग. ते पत्रक तुला बघायला मिळावं म्हणून शेवटच्या दोन फेऱ्यांची नक्कल पातळ कागदावर गिरवून सोबत पाठवतो. रेघेला रेघ जुळवली आहे.

तुझा भाचा


१८ मार्च

चि. पाणसळ,

नक्कल मिळाली. ठिपका नाही, हे तू दोनदा लिहिलंस तेव्हा मला वाटलं होतं की तुझेच डोळे कमी झाले. आता स्वतः पाहिलं. ताईकडून भिंग मागून घेतलं आणि पुन्हा पाहिलं.

ती पाटी लावू नकोस. ती चुकली नव्हती. चुकले मी, आणि हे मी आजवर तुझ्या काकांनाही सांगितलं नाही. ते गेले ते मला सरळ बाई समजूनच गेले.

आता मी सांगते तसं समजून घे. विसाव्या फेरीत माझा चौथा गोळा जॅकला शिवला. टक् असा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. कॅप्टन जॅकपाशी उभी होती, तिने खिशातून खडू काढून माझ्या गोळ्यावर फुली मारली. तिची खूण फुलीची असायची, शाळेत चुकीच्या गणितावर मारतात तशी. फूटपट्टीची खूण म्हणजे सरळ उभी रेघ. हे आम्हा तिघींना पक्कं माहीत होतं, बाकी कुणाला नाही. नियम असा, की ती खूण पुढची फेरी सुरू व्हायच्या आत पुसायची. मी पुसली नाही. वीस-वीस झाले होते आणि माझं सगळं लक्ष पुढच्या फेरीकडे. एवढंच. लबाडी नव्हती त्यात, विसरले.

एकविसाव्या फेरीत जॅक अगदी हिरवळीच्या काठाला गेलेला. वरच्या क्लबच्या पोस्टमास्तरांचा गोळा त्याच्यापासून वीतभर. मी माझा शेवटचा गोळा सोडला, तोच, खूण न पुसलेला. तो गेला, वळला, जॅकच्या अंगावरून गेल्यासारखा दिसला आणि चरात पडला, जॅकच्या अगदी खाली. या फेरीला मी आणि कॅप्टन दोघी दुसऱ्या टोकाला होतो, तीस-पस्तीस पावलांवर. शिवला की नाही, मला कळलं नाही. पोस्टमास्तरांचा शेवटचा गोळा लांब गेला. मग आम्ही सगळे चालत चराकडे आलो. गोळ्यावर खडू होता. कॅप्टनला वाटलं, फूटपट्टी जॅकपाशी उभी होती, तिने खूण केली. पुरुषांनाही तेच वाटलं. ओरडा सुरू झाला, "मोजा, मोजा." फूटपट्टीने दोरी काढली, मोजलं आणि म्हणाली, "नऊ इंच दोन सूत." पोस्टमास्तरांचा मोजला. "नऊ इंच पाच सूत." जिंकलो.

मी गोळा उचलायला वाकले तेव्हा त्यावर फुली होती. उभी रेघ नव्हती.

बोलायला एक क्षण होता. कॅप्टन रडत होती, आणि ती मुख्याध्यापिका, आयुष्यात दुसऱ्यांदा रडली असेल. मी अंगठ्याने फुली पुसली आणि गोळा पिशवीत टाकला. पन्नास वर्षं मी असं धरून चालले की फूटपट्टीने खूण नीट पाहिली नाही, तिला वाटलं कॅप्टनने चराशी पोचल्यावर केली असेल. तिला माहीत नाही, म्हणून मी तिच्या शेजारी राहू शकले. एका भिंतीला भिंत लागून एकतीस वर्षं.

आणि आता तू हा कागद पाठवलास. तिने ठिपका दिला नाही. तिला माहीत होतं, रे. तिच्या डोळ्यांसमोरून गोळा गेला आणि तो शिवला नाही हे तिने पाहिलं. तिला मोजायला सांगितलं, तिने मोजलं. शिवला का, असं तिला कुणी विचारलं नाही. खोटं ती बोलली नाही आणि खोटं तिने लिहिलंही नाही. रकाना रिकामा ठेवला आणि पत्रक पेटीत टाकलं. त्या पेटीची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. मी एकदा उघडून पाहिलं असतं तर.

फडक्याचं विचारलंस ना. सामन्याच्या पुढच्याच आठवड्यात ती खेळायला आली ती ओल्या फडक्यांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकीला एकेक दिलं. मला सगळ्यात शेवटी दिलं आणि म्हणाली, "आधी पुसायचं. मग टाकायचं." कॅप्टन हसली, पुड्या बांधणारीला स्वच्छतेचं वेड म्हणून. मीही हसले. त्यानंतर दर खेळाला माझी पाळी आली की ती तिकडून विचारायची, "पुसलास?" मला वाटायचं हा तिचा चाळा. एकतीस वर्षं ती मला विचारत होती आणि मी म्हणत होते, "हो गं, पुसला."

मी वाट पाहत होते की तिने विषय काढावा. ती वाट पाहत असेल की मी काढावा. दोघी तोंडात गुळणी धरून बसलो आणि ती आधी उठून गेली.

हे सगळं छाप. मी तुझी मावशी आहे, त्या नात्यासकट छाप.

तुझी मावशी


२९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र हिरवळीवर बसून वाचलं. त्या दिवशी गवताची उंची लिहायची राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पत्र कुणाला दाखवलेलं नाही. पाटी मी स्वतः मोडली. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं की अक्षर बिघडलं. टीप गाळली. फडक्याच्या जागी आता "दवामुळे" असं लिहितो. हे वाक्य लिहिताना हात अडला, पण लिहिलं. मला बारकाव्याचा अभिमान आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण ऐंशी वर्षांच्या बाईला चारशे लोकांसमोर उभं करील असला बारकावा मला नको. ज्या बायकांनी अकरा खड्डे डोक्यावरून माती वाहून भरले, त्यांची हिरवळ एका फुलीवर उभी आहे असं मी का लिहू? गोळा तू पुसायचं विसरून टाकला होतास. ते मुद्दाम नव्हतं. पन्नास वर्षं झाली. पोस्टमास्तर शहाऐंशीचे आहेत, काठीने चालतात. त्यांना आता कळून काय?

तू हो म्हण, एवढंच.

तुझा भाचा


६ एप्रिल

चि. पाणसळ,

नाही म्हणते.

दवाचं खोटं मी तुला सांगितलं, तू ते छापू नकोस. माझ्या लबाडीला तुझं अक्षर नको. मला वाचवायचं म्हणून तू तिचा नियम दवाच्या नावावर करणार, म्हणजे तिचं होतं नव्हतं ते एवढंसं काम तेही पुसणार. तिच्याविषयी कुठे काही लिहिलेलं नाही. मूल नाही, फोटो नाही. एकशे बारा पत्रकं आहेत आणि ती फडकी आहेत. एवढ्यावर मी हात मारू देणार नाही.

माझं पत्र आधी समितीला वाचून दाखव, मग एक जूनला सगळ्यांसमोर वाच. पोस्टमास्तर पुढच्या रांगेत हवेत. त्यांना कमी ऐकू येत असेल तर मोठ्याने वाच. आणि एकविसावी फेरी झालीच नाही असं समजून ती पुन्हा खेळा. माझे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नाहीत. माझ्या जागी तू टाक. बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी जमीन सपाट केलीस, एकदा तिच्यावर गोळा टाकून बघ ती खरंच सपाट आहे का.

माझे दोन गोळे पार्सलने पाठवतेय. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी गोळा आला आणि तोही कपाटात.

तुझी मावशी


४ जून

प्रिय मावशी,

घडलं ते क्रमाने लिहितो.

समितीला पत्र वाचून दाखवलं. मग दोघी-तिघी म्हणाल्या की वाचायची काय गरज, उगाच हात दाखवून अवलक्षण. सगळ्यांनी अध्यक्षेकडे पाहिलं, कारण कॅप्टनबाई तिच्या सासूबाई. ती म्हणाली, "सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, खूण फूटपट्टीने केली म्हणून. त्यांना माहीत नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे. कीड दिसल्यावर वरून चांदी भरून चालत नाही." विषय तिथे संपला.

एक जूनला दुपारी चारला मी पत्र वाचलं. दव नव्हतं. "आधी पुसायचं, मग टाकायचं" हे वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांचे हात आपोआप कमरेच्या फडक्याकडे गेले. मी पाहिलं आणि दोन ओळी चुकलो, पुन्हा वाचल्या.

पोस्टमास्तर पुढे बसले होते. वाचून झाल्यावर ते काठी टेकवत उठले. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी सुनावतात. ते म्हणाले, "टक् झालं नव्हतं. मला तेव्हाच वाटलं होतं. पण म्हटलं बायकांच्या ओरड्यात ऐकू आलं नसेल." मग म्हणाले, "म्हणजे एक फेरी राहिली. चला."

प्रत्येकी दोन गोळे असं ठरलं. गुण लिहायला अध्यक्षा आणि अंतराला फूटपट्टींची तीच दोरी. पोस्टमास्तरांनी काठी एका बाईच्या हातात दिली, गुडघा जेमतेम वाकवला आणि गोळा जॅकपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवला. मी तुझा गोळा घेतला, तीनदा पुसला, चौथ्यांदाही पुसला आणि सोडला. मावशी, छोटं वर्तुळ बाहेरच्या अंगाला होतं. बावीस वर्षं मी नव्या बायकांना सांगतो की वर्तुळ आतल्या अंगाला धरा. गोळा जॅककडे पाठ करून वळला आणि शेजारच्या पट्टीत जाऊन थांबला. अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, अंगण मीच सपाट केलेलं. बायका इतक्या हसल्या की खुर्चीत बसलेल्यांना खुर्ची धरावी लागली. पाणसळ हे नाव आता बदलणार, असं दिसतं.

पोस्टमास्तरांचा दुसरा गोळा पहिल्याच्या मागे, जॅकपासून आणखी लांब राहिला. मग माझा दुसरा. या वेळी वर्तुळ पाहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. गोळा सुटला तो पहिल्यापासून बरा होता. हळू गेला, शेवटच्या सहा पावलांत वळला आणि जॅकला शिवला. टक्. सगळ्यांनी ऐकलं. जॅक हलला आणि संथपणे पोस्टमास्तरांच्या पहिल्या गोळ्याकडे सरकत गेला, जणू त्याला तिकडूनच बोलावणं होतं. माझा गोळा तिथेच राहिला. अध्यक्षेने आधी त्यावर खडूने उभी रेघ मारली, फूटपट्टींसारखी, आणि मग दोरी लावली. माझं अंतर अकरा इंच चार सूत. त्यांचं तीन इंच एक सूत. आपण हरलो. स्पर्श खरा होता आणि त्यानेच हरलो.

कुणीतरी पोस्टमास्तरांना विचारलं की आता खालची जागा परत घेणार का. ते म्हणाले, "कशात भरून नेऊ? आम्हाला आपला बुधवार द्या." बुधवार दिला. अटी दोन. फडकं बांधायचं आणि चहा त्यांनी करायचा. काल बुधवार होता. चहाबद्दल तू म्हणाली होतीस ते खरं आहे.

पुस्तक सोबत पाठवतो. पान एकोणीसवर पत्रकाचं चित्र आहे, मूळ मापात. खाली एवढीच टीप, "एकविसाव्या फेरीत ठिपका नाही, कारण गोळा शिवला नव्हता. गुणलेखिका बरोबर होत्या." फडक्याचं प्रकरण फूटपट्टींच्या नावावर आहे. नव्या फेरीचं पत्रक पेटीत ठेवलं. त्यात तुझ्या दुसऱ्या गोळ्यापुढे ठिपका आहे. मी स्वतः बघून घेतला.

तुझे गोळे धुऊन, कापडात बांधून या आठवड्यात परत पाठवतो.

तुझा भाचा


१० जून

चि. पाणसळ,

पुस्तक मिळालं. पान एकोणीस ताईने मला वाचून दाखवलं, मग मी तिच्याकडून घेऊन स्वतः वाचलं. पान बत्तीसवर गवताची उंची दोनदा छापली आहे, ती बघ.

हरलात ते ठीक झालं. पोस्टमास्तरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, चहात दूध आधी घालू नका.

गोळे अजून निघाले नसतील तर दुसरा धुऊ नकोस. त्यावरची रेघ राहू दे. तसाच कागदात गुंडाळून पाठव.

तुझी मावशी